कडू तेवढं कळायचं

बाटल्यांची पेटी परत आली ती लेबलं तिरकी लागली म्हणून. ड्रायव्हरने ती ब्रुअरीच्या दारात टेकवली, "धाकट्या साहेबांना सांगा," म्हणाला आणि निघून गेला. धाकटे साहेब दुकानदारांकडे फिरतीवर होते. दारात होता थोरला. दुपार रणरणत होती, घसा सुकलेला, म्हणून त्याने पेटीतली एक बाटली काढून उघडली.

खरं तर बाटलीतली बिअर तो कधी पीत नसे. चाखायची ती टाकीच्या नळाखालून, सकाळी, उपाशीपोटी, ही त्याची शिस्त. टाकीपाशी तिघे जमायचे: तो, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. थोरल्याने ग्लास खाली ठेवेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. तो "झकास" म्हणाला की टँकर भरायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाटल्या भरायच्या शेडमध्ये जायचा. करायचं थोरल्याने, विकायचं धाकट्याने. शेडमध्ये थोरल्याने वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं.

पाऊल न टाकण्याचं कारण शिस्त नव्हती, बिंग फुटण्याची भीती होती. मागच्या वर्षी थंडीत त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. फुलाचा वास नाही, फिनाइलचा नाही, स्वतःच्या घामाचाही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. यासाठी फी घेतली त्यांनी. थोरल्याने हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. बिअर करणाऱ्याचं नाक गेलं म्हटल्यावर त्याला टाकीजवळ कोण उभं करणार? आणि टाकी सोडून दुसरं त्याला काय येत होतं?

मग त्याने युक्ती काढली. ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि पापण्यांच्या फटीतून त्या दोघांचे चेहरे बघायचे. चेहरे बरे दिसले की झकास. बाकी भिस्त जिभेवर. जिभेला गोड कळायचं, आंबट कळायचं, कडू तर नीट कळायचं. पण त्यांची बिअर होती पेल एल, हलकी, नशेच्या नावाने शंख. कडक बिअरमध्ये चार चुका खपून जातात, हलकीत लपायला जागा नसते. तिची सगळी गंमत हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या, वासात, संत्र्याची साल नखाने सोलावी तसा वास. तो थोरल्यापर्यंत पोचेना, म्हणून त्याला बिअर पाणचट लागे, आणि पाणचट लागली की तो हॉप्स वाढवी. दर खेपेला थोडे. घशात कडू लागलं की त्याला धीर यायचा.

आणि ही बाटली कडू नव्हती. म्हणजे होती, पण जिभेवर जरा टेकली आणि निघून गेली. थोरल्याने दुसरी उघडली, मग वेगळ्या तारखेची तिसरी. तिन्ही तशाच. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेडवाले पाणी घालत होते, दुसरं काय?

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा थोरला दारातच उभा होता. बायको आत ऑफिसात ऑर्डरी लिहून घेत होती. आवाज ऐकून तीही बाहेर आली.

"तुझे शेडवाले चोर आहेत," थोरला म्हणाला. "पाणी घालतायत आपल्या बिअरमध्ये."

"दादा, बस जरा."

"बसतोय कशाला? ही चाख. कडू आहे का ही?"

धाकट्याने नाइलाजाने घोट घेतला. "मी बोलतो त्यांच्याशी."

"तू मुळीच बोलू नकोस. तू त्यांना डोक्यावर बसवलंयस. मी जातो आत्ताच्या आत्ता. गाडी काढ."

धाकटा किल्ली चाचपत राहिला. त्याने वहिनीकडे पाहिलं.

"काढू नका गाडी, भाऊजी," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "पाणी कोणी घातलेलं नाही. ही तुमची बिअरच नाहीये."

थोरल्याला आधी कळलंच नाही. मग धाकट्याने सांगितलं, खाली बघत, अडखळत. नदीपलीकडच्या ब्रुअरीत एक बाई होती, बिअर करणारी. त्यांची पेल एल आता ती करत होती. लेबल तेच.

"आणि माझी?"

"शेडमागे मोरी आहे," धाकटा म्हणाला.

"सगळी?"

"एक खेप विकून बघितली, दादा. दुकानदारांनी परत पाठवली. तोंड वाकडं होतं म्हणाले."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही सांगितलंत?" बायको म्हणाली. "दूध करपून भांडं काळं पडलं, शेजारीण विचारायला आली कसला वास म्हणून, आणि तुम्ही गॅसशेजारी पेपर वाचत बसला होतात. त्या दिवसापासून वाट बघतेय मी. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

थोरल्याला टाकीपाशी दिसणारे ते चेहरे आठवले. पापण्यांच्या फटीतून तो ज्यांच्याकडून निकाल वाचत होता, ते दोघे त्याच्यासाठी चेहरे करत होते. रोज सकाळी उपाशीपोटी तिघेही नाटक करत होते, आणि कोणीही चुकत नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाटलीत अजून घोटभर उरली होती. ती त्याने उजेडात धरली. रंग सुरेख होता, फेस बारीक होता. त्यापुढचं त्याला काही कळणार नव्हतं.

"चांगली आहे का ही?" त्याने विचारलं.

"चांगली आहे," बायको म्हणाली.

"म्हणजे ताप यायच्या आधी मी करायचो तशी?"

बायकोने त्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. वर्षभर खोटं बोलली होती, आणखी एकदा बोलली असती तर त्याने आनंदाने ऐकून घेतलं असतं.

"त्याच्यापेक्षा चांगली आहे," ती म्हणाली.

थोरल्याने बाटली हळूच पेटीत ठेवली.

"मग मी उद्यापासून काय करू?"

"करतोस तेच कर की," धाकटा म्हणाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुला कोण नको म्हणतंय? लाव नवी खेप. चाखायला आम्ही येऊच. परवडतंय आपल्याला."

टोमणा असता तर थोरल्याने त्याची कॉलर धरली असती. पण तो मनापासून बोलत होता, आणि बायकोही शेजारी उभी राहून मान हलवत होती.