तक्रारीचा रकाना

किशोरचा फायदा सरळ होता. हॉस्पिटलातल्या औषधाच्या चाचणीतला एकही पेशंट मध्येच गळाला नाही, तर त्याला बढती होती. शिवाय अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झालेल्या मेव्हण्यासमोर दिवाळीचा फराळ मान वर करून खाता आला असता. खरी ओढ त्याला या फराळाचीच.

चाचणी दोन केमो एकत्र देण्याची, कॅन्सर अंगभर पसरलेल्यांसाठी. पहिल्या तिघांना थोडा डोस. त्यांना सोसला तर पुढच्यांना वाढवायचा. कोणाला काय त्रास होतो ते लिहिणं हे किशोरचं काम. मखमलाबादला शेवंती पिकवणारी कुसाबाई पहिल्या तिघांत होती. तिच्यासाठी दुसरं औषध उरलंच नव्हतं. संमतीच्या कागदावर सही करायच्या दिवशी किशोर तिला म्हणाला, "मावशी, फार कुरकुर केली की नाव कापतात बरं का."

कागदावर असं कुठंच नव्हतं. त्रास सांगितला तर डोस कमी करायचा, असं होतं.

मग दर खेपेला कुसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून यायची, "लय बरं हाय" म्हणायची, आणि किशोर खुशीत 'तक्रार नाही' लिहायचा. घरी तिच्या चोळीची हुकं सून उज्वला लावायची, कारण बोटांना हूक जाणवत नव्हतं.

एका सकाळी कुसाबाईनं गॅसवरचं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं आणि शांतपणे खाली ठेवलं. तळव्यांवरचे फोड आधी उज्वलाला दिसले. तिनं सासूला रिक्षात घालून थेट किशोरच्या टेबलापुढं उभं केलं.

"बोटं कधीपासून बधिर आहेत?" किशोरनं विचारलं.

"झालं की दोन महिने," कुसाबाई म्हणाली.

"मग सांगायचं ना, मावशी."

"तुमीच म्हनलं ना भाऊ, नाव कापत्यात."

"अहो, ते गमतीनं म्हटलं होतं."

"मग हसा ना आता," उज्वला म्हणाली. "आई, हात पुढं करा. नीट बघून हसू द्या त्यांना."

किशोर हसला नाही. पहिल्या तिघांना डोस सोसला म्हणून गेल्याच आठवड्यात हरसूलच्या सहादूला वाढीव डोस दिला होता. तो आता वर आयसीयूत होता, अंगातल्या पांढऱ्या पेशी संपत आलेल्या. हे किशोरनं पुटपुटत सांगितलं.

कुसाबाई खुर्चीत बसली. "माझ्या बोलन्यावर दिलं त्याला?"

"तुमच्या नाही, आई. यांच्या लिहिण्यावर." उज्वलानं फाइल त्याच्यापुढं आपटली. "लिहा. माझ्यासमोर. आजची तारीख टाकून."

सहादू तिसऱ्या दिवशी गेला. डोस खाली आणला गेला. किशोरला खुलासा मागणारं पत्र आलं, हॉस्पिटलची एक बैठक झाली, चहा-बिस्किटांसकट. कुसाबाईच्या दहाही बोटांची जाणीव कायमची गेली. उरलेली सगळी किंमत सहादूनं भरली. त्याला सही करताना सांगितलं होतं, आधीच्या तिघांना काहीसुद्धा झालं नाही.