सत्तावन्नाव्या वर्षी टू-टू

काडतूस एवढंसं — पावट्याच्या दाण्याहून जरा लांब, पितळी, आणि बुडाशी बारीकशी कडा. त्या कडेवरच म्हणे ठोका बसतो, मधोमध नाही, कडेवर, आणि तेवढ्या टोल्यानं गोळी सुटते... ऑर्वोनं ते वाटीतून चिमटीत उचललं मात्र, लागलं थरथरायला. तोवर हात काउंटरच्या काचेवर शांत पडला होता. या हाताचं हे असंच. पडून राहा म्हटलं की शहाण्यासारखा पडून राहणार, कामाला लावला की नाटकं सुरू. वाटीतली काडतुसं दारू काढलेली, नुसती दाखवायला ठेवलेली होती, त्यामुळे भीती कसलीच नव्हती, तरी त्यानं घाईघाईनं ते परत टाकलं. टाकताना ते वाटीच्या काठावर टण-टण-टण असं तीनदा वाजलं. शेगडीजवळच्या स्टुलावर कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्या क्लिफर्डनं मान वर करून बघितलं. बघ. बघून घे एकदाचं.

दुकानदार गस ट्रेगॉनिंग मागच्या खोलीत फोनवर होता. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते, त्याआधीचा महिना, म्हणजे सगळं गाव याच बंदुकांच्या दुकानात. पण शनिवारी सकाळी उठल्याउठल्या कुणी येत नाही म्हणूनच ऑर्वो आला होता. चोरासारखा. साधी टू-टू, सगळ्यात बारक्या गोळीची रायफल, विकत घ्यायची, तीही कागदावर नेम धरायला, आणि त्यासाठी आपण मोकळी वेळ बघून येतो — का रे बाबा? दरोडा घालायचाय?

आज सकाळी बायकोनं, बर्नडीननं, कॉफी दिली ती प्लॅस्टिकच्या कपात, वर झाकण, झाकणाला चोच. ‘हलकाय बघ,’ ती म्हणाली, ‘धरायला सोपा.’ प्रेमानंच म्हणाली. तिचं प्रेम खोटं नाहीच. पण गेलं दीड वर्ष जो उठतो तो माझ्या हातात हलकं काहीतरी देतो — हलका चमचा, हलकी ताटली, हलकं काम. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं सूप ढवळणाऱ्या माणसाला त्यांनी ट्रे मोजायला बसवलं, सूप सांडतं म्हणून. जूनमध्ये त्यानं तेही सोडलं. डॉक्टर म्हणतो, तो कंपवाताचा वाईट आजार नाही हा, तुमच्या आईकडून आलाय, यानं माणूस मरत नाही. मरत नाही हे खरं. पण लोक हळूहळू त्याच्या हातातल्या वस्तू काढून घेतात, त्यावर डॉक्टरकडे गोळी नाही.

आणि परवा वेसचा फोन. वेस म्हणजे बर्नडीनचा भाऊ, शिकारीच्या कॅम्पचा म्होरक्या. ‘ऑर्वो, या वर्षी जेवणाचं आमचं आम्ही बघतो रे. तू नुसता येऊन बस.’

नुसता येऊन बस!

सलग एकोणतीस वर्षांचे नोव्हेंबर, अकरा माणसं, पहाटे चारला त्याच्या हातची गरम बिस्किटं आणि रात्री मटणाचा रस्सा — आणि त्या एकोणतीस वर्षांत एकदाही ऑर्वो सारेलानं बंदूक उचलली नव्हती. या गावात पोरगं बाराचं झालं की त्याला रायफल मिळते, दात पडावेत आणि यावेत इतकं ते सरळ. ऑर्वोला बाराव्या वर्षी मिळाल्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या. त्याच्या मामाला शिकारीत गोळी लागली, जंगलातून त्याला उखडलेल्या दारावर घालून आणलं होतं, आणि आईनं त्या दिवशी सांगून टाकलं, माझ्या घरात बंदूक येणार नाही. आली नाही. पुढे ती गेली, पण तोवर वय निघून गेलं होतं — चाळिशीच्या माणसानं कुठल्या तोंडानं म्हणायचं, मला शिकवा? कॅम्पात सगळे म्हणायचे, ऑर्वोचं हत्यार म्हणजे कालथा. तोही हसायचा. मोठ्यानं हसायचा, उगाच कुणाला कळू नये म्हणून... आणि आता कालथाही गेला.

हरीण नकोच होतं त्याला. कुणाचा जीव घेऊन काय करायचंय? त्याला हवा होता कागद. पन्नास यार्डांवर टांगलेला कागद, त्यावर काळं वर्तुळ, आणि वर्तुळात एक भोक — आपण पाडलेलं. कागद दया करत नाही. लागलं तर लागलं, नाही तर नाही. ‘राहू दे, मी करते’ असं कागद म्हणत नाही. एवढं एक जर हातून झालं... आणि नाही झालं तर? नाही झालं तर तसं कागद सांगेल, वेस नाही.

‘काय रे ऑर्वो! वाट चुकलास काय?’ गस पडदा सारून बाहेर आला. शाळेत एका बाकावर बसणारा गस, आता पोट सुटलेला. ‘खिम्याच्या पॅस्ट्या समोरच्या दुकानात मिळतात हं.’

‘एक टू-टू बघायची होती. स्वस्तातली. निशाणाला.’

‘तुला?’

विचारण्यात काही खोट नव्हती. दुकानदार विचारणारच. पण शेगडीकडचं स्टूल करकरलं, आणि ऑर्वोच्या तोंडून आपोआप निघालं, ‘नातीला. दहाची झाली ना.’

झालं. घातलीस शेपूट. नात आहे, दहाची आहे, सगळं खरं, आणि तरी शंभर टक्के खोटं. नात डुलुथला राहते आणि तिला व्हायोलिन हवंय.

गस मात्र खुलला. ‘आता कसं बोललास!’ म्हणत त्यानं मागच्या रांगेतून एक छोटी रायफल काढली, निळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची. बोल्ट मागे ओढला, नळीत डोकावला, रिकामी असल्याचं ऑर्वोला दाखवलं आणि मग दिली. ऑर्वोनंही डोकावून पाहिलं. कॅम्पात तेवढं शिकला होता तो: सख्ख्या भावानं बघून दिली तरी आपण परत बघायचं, आणि त्याचा राग कुणी धरायचा नाही.

खांद्याला लावून त्यानं भिंतीवरच्या मूसच्या, त्या थोराड हरणाच्या, डोक्याकडे रोखली. नळीचं टोक मूसच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माशीसारखं भिरभिरायला लागलं. दातओठ खाल्ले, तसं आणखीच.

‘पिसासारखी आहे की नाही?’ गस म्हणाला. ‘मुद्दाम हलकी केलीय. सोपी.’

हलकी! सोपी! ऑर्वोच्या अंगाचा तिळपापड झाला. इथंही? बंदुकीच्या दुकानातसुद्धा झाकणाचा कपच पुढे करणार मला? पण गसची चूक काय, त्यानं नातीसाठी दिली... नातीसाठी मागितली कुणी?

‘मग ही बघ,’ गसनं दुसरी काढली. ‘चाप ओढत राहायचा, दहा गोळ्या धडाधड. पोरं खूश असतात.’

‘नको. मला एका वेळी एकच पुरे.’

गसचा हात तसाच राहिला. ‘तुला?’

शेगडी तडतडली. आता सावरता आलं असतं; मला म्हणजे माझ्या मते, असं काहीतरी. जीभ तयारही झाली होती. पण आतून काहीतरी उसळलं — ज्यानं जूनमध्ये एप्रन काढून मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवला होता तेच — आणि तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्यानंच म्हणाला, ‘हो. मला. नातीला व्हायोलिन पाहिजे. बंदूक माझ्यासाठी.’

‘सत्तावन्नाव्या वर्षी?’ क्लिफर्ड खिदळला. ‘आता शिंगं फुटली काय रे तुला?’

‘फुटली. पंधरा तारखेपासून जरा जपून फिरीन म्हणतो.’

गस हसला नाही. त्यानं ऑर्वोच्या हातांकडे पाहिलं, चोरून नाही, सरळ. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली एक जुनी रायफल उचलली, जाड नळीची, अक्रोडाच्या लाकडाची. ‘शाळेच्या जुन्या टीमची. एकेक गोळी हातानं घालायची. लोढणं आहे नुसतं, दहा पौंड, म्हणून कुणी हात लावत नाही. दोनशेला देतो.’ त्यानं बघितली, दाखवली, दिली. ऑर्वोनं बघितली.

आणि ती हातात आली तेव्हा हात खाली गेले. केवढं वजन! दीड वर्षात कुणी इतकं जड काही दिलं नव्हतं. त्यानं दस्ता खांद्यात रुतवला, कोपर बरगडीला टेकवलं आणि मूसकडे रोखली... टोक हललं. हललंच. पण भिरभिरलं नाही. सावकाश, श्वासाबरोबर वर, श्वासाबरोबर खाली, आणि मधे एक क्षण — मूसच्या डाव्या डोळ्यावर — उभं राहिलं. त्या लोखंडापुढे हाताची मात्रा चालेना. हात आतल्या आत धडपडत होता, ते जाणवत होतं, पण बाहेर पोचत नव्हतं. ऑर्वोला एकदम हसू आलं, आणि लगेच रडूही येईल की काय असं वाटलं, म्हणून त्यानं रायफल खाली घेतली.

‘टेकवून मारशील ना?’ गसनं हळू विचारलं. ‘उभ्यानं नाही.’

‘बाकावर बसून, वाळूच्या पिशवीवर. समोर खाणीचा बांध. मला कळतं, गस.’

‘कळतं म्हणूनच देतोय.’ गसनं काउंटरखालून कागद काढले, पेन ठेवलं. ‘सरकारी फॉर्म. हा भर, मग मी फोन करून विचारतो, ते हो म्हणाले की तुझी.’

ऑर्वोनं पेन उचललं. त्याचं टोक कागदावर टेकायच्या आधीच हवेत लिहायला लागलं. लिहिणं म्हणजे तर हाताचा सण. बँकेत बर्नडीन लिहिते, दवाखान्यात बर्नडीन लिहिते...

क्लिफर्ड कप ठेवून उठलाच. थट्टा गेली होती त्याच्या आवाजातून, आणि ते थट्टेपेक्षा वाईट होतं. ‘आण इकडे. तू सांग, मी लिहितो पटापट.’

‘बस खाली, क्लिफ,’ गस म्हणाला. ‘ज्याची बंदूक त्याचा हात. तसाच नियम आहे.’

क्लिफर्ड बसला. ऑर्वोनं गसकडे पाहिलं. नियम! म्हणजे या कागदापुरतं तरी जगात कुणालाही माझ्या हातून काही काढून घेता येणार नाही, बायकोला नाही, मेहुण्याला नाही, देवाला नाही. नाव लिहायला बराच वेळ गेला. अक्षरं डोंगरदऱ्यांसारखी झाली, पण सारेलातले सगळे काने-मात्रे जागच्या जागी होते. मग पुढे छापलं होतं: ही बंदूक खरोखर आपण स्वतःच घेत आहात काय? हो. नाही. दोन चौकटी, वाटाण्याएवढ्या.

त्यानं श्वास सोडला, मनगट काचेवर दाबलं आणि खूण केली. ती ‘हो’च्या चौकटीत सुरू झाली आणि भिंत फोडून मोकळ्या कागदावर बोटभर गेली.

‘दुसरा कागद देऊ?’ गसनं विचारलं.

‘कशाला? वाचता येतंय ना?’

‘येतंय.’

‘मग झालं तर.’

बाहेर गाड्या लागायला लागल्या होत्या, दार उघडून दोघंतिघं आत येऊन त्याच्या मागं रांगेत उभे राहिले, त्यातल्या कुणाचा तरी आवाज ओळखीचा होता. बघू देत. अजून दोन पानं बाकी होती, आणि ऑर्वोला कसलीही घाई नव्हती.