वाघोलीहून थेट

इम्तियाजभाई नारायण पेठेतल्या आपल्या दुकानात उसाच्या चिपाडापासून केलेली ताटं आणि वाट्या विकत. माल वाघोलीच्या कारखान्यातून येई. कारखाना सुरू झाला तेव्हा ही ताटं कुणी विचारत नव्हतं. केटररांच्या स्वयंपाकघरात जाऊन, ताटात गरम रस्सा ओतून दाखवत त्यांनी एकेक गिऱ्हाईक जोडलं होतं.

यंदा कारखान्यात मोठी गुंतवणूक आली. कुठला माल कुठल्या विजेच्या टेम्पोतून कधी जायचा, हे एआय ठरवू लागलं. माल पेठेत उतरवून पुन्हा चढवायचा म्हणजे जादा फेरी आणि जादा कार्बन, असा त्याचा हिशेब. कारखाना ॲपवरून थेट गिऱ्हाइकांना माल विकू लागला. दुकानातला शिल्लक मालही परत नेला.

इम्तियाजभाई वाघोलीला गेले. मालकाचा मुलगा वरद त्यांना लहानपणापासून चाचा म्हणायचा. त्याने चहा मागवला, स्क्रीनवरचे नकाशे समजावले आणि म्हणाला, "चाचा, हे मी ठरवत नाही."

"मग बोलायचं कुणाशी?"

वरदने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

पुढच्या महिन्यात मंदाकिनीताईंचा फोन आला. त्या मुंजी-बारशांची जेवणं करत; पूर्वी ताटं इम्तियाजभाईंकडूनच नेत, आता कारखान्याच्या ॲपवरून मागवत. एरंडवण्यात मुंजीची पंगत बसायची वेळ झाली होती आणि ताटांचा पत्ता नव्हता. एका भागातल्या सगळ्या ऑर्डरी एकाच फेरीत बसाव्यात म्हणून एआयने त्यांचा माल उद्यावर ढकलला होता. तक्रारीच्या नंबरवरही यंत्रच बोलत होतं.

"कुठल्या तोंडाने मागू, इम्तियाजभाई? पण शंभरभर ताटं तरी द्या."

दुकानात एकही गठ्ठा नव्हता. त्यांनी वरदला फोन लावला. वरद स्वतः गोदामात गेला. ताटं तिथे रचून ठेवलेली होती, पण ऑर्डरची तारीख बदलल्याशिवाय गेटपास निघत नव्हता, आणि तारीख बदलायचा अधिकार गुंतवणूकदारांनी कारखान्याकडे ठेवला नव्हता.

"समोर दिसतायत, चाचा," तो म्हणाला. "पण हलवता येत नाहीत."

इम्तियाजभाईंनी मंदाकिनीताईंना तसं कळवलं. त्या चिडल्या नाहीत. दुकानाचं आता काय करणार, एवढंच त्यांनी विचारलं. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. शेजारच्या घरांतून स्टीलची ताटं गोळा करून आणतायत, असं त्यांनी सांगितलं.