पेल्याखालचं तळं

मी एक लाकडी पेला. आमच्या फिनलंडात मला कुक्सा म्हणतात. बर्चच्या एका झाडाला गाठ आली होती, तीच मी. शेजारची झाडं सरळसोट वाढली, त्यांच्या फळ्या झाल्या आणि कुणाकुणाच्या घराची दारं झाली. मी वाकडातिकडा, म्हणून ऑस्मोच्या हाती लागलो. अख्खा हिवाळा चुलीपाशी बसून त्याने मला कोरलं, मिठाच्या पाण्यात उकळलं आणि मग कॉफी ओतून बुडाखाली बोट फिरवलं. "गळत नाही," तो म्हणाला. आमच्याकडे याहून जास्त कौतुक लग्नातसुद्धा करत नाहीत.

मला साबण लावत नाहीत, नुसतं पाण्याने विसळतात. त्यामुळे चाळीस वर्षांची कॉफी माझ्या अंगात मुरली आहे. पण कॉफी हा माझा जोडधंदा. माझं खरं काम झाकणाचं.

त्याचं असं आहे. दर मार्चला ऑस्मो एका गोठलेल्या तळ्यावर मुक्कामाला जातो. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा, रेनडिअरच्या कातड्यावर बसून राहायचं. वर्षातली त्याची ही एकच चैन. तळं कुठलं, हे मात्र गावात कुणी कुणाला सांगत नाही. माणसं बायकोचं वय सांगतील, पण तळं नाही. निघताना भोकांवर पायाने बर्फ लोटून मागमूस पुसतात, मगच घरी येतात.

ऑस्मोचा नकाशा बारा महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंथरलेला असतो. त्यावर पाच तळ्यांना लाल फुल्या आहेत. पाचही खोट्या! खरं तळं पिक्कु-मुस्ता, नखाएवढं, त्याला कसलीच खूण नाही. ऑस्मो त्याच्याकडे बघत बसतो आणि पाऊल वाजलं की मला धप्पकन त्याच्यावर ठेवतो. चाळीस वर्षं मी हे गुपित बुडाखाली घेऊन बसलो.

यंदा मात्र पंचाईत झाली. डॉक्टरीणबाईंनी ऑस्मोची छाती तपासली आणि बजावलं, बर्फावर एकट्याने मुक्काम करायचा नाही. त्याच दुपारी शेजारचा याल्मारी दारात हजर.

"मी येतो की सोबतीला," तो म्हणाला. "तळं तू ठरव. मला काय, कुठलंही चालेल."

"लेम्पी येतेय," ऑस्मो बोलून गेला.

लेम्पी म्हणजे त्याची बायको. ती बटाटे सोलत होती. "मी?" ती म्हणाली.

तिचं आश्चर्य खरं होतं. बायकांच्या बडबडीने मासे पळतात, असं सांगून त्याने तिला कधी नेलं नव्हतं. हा स्वतः माशांशी किती बोलतो ते मला विचारा.

याल्मारी गेला आणि ऑस्मोची घालमेल सुरू झाली. लेम्पीला पिक्कु-मुस्ता दाखवलं तर ती बहिणीला, साइमीला, सांगणार. साइमीला कळलं म्हणजे गावाला कळलं. आणि खोट्या तळ्यावर गेलं तर वर्षाची एकुलती एक रात्र रिकाम्या पाण्यावर घालवायची. या वयात किती मार्च उरलेत, कुणी सांगावं? मला त्याची फार दया आली. शेवटी त्याने मन घट्ट केलं.

"तूच ठरव, लेम्पी. लाल फुली असलेलं कुठलंही."

लेम्पीने हात पुसले, नकाशावर वाकली. "फुल्या राहू देत. तो पेला उचल."

"कॉफी आहे त्यात."

"मग पी आणि उचल."

ती गार कॉफी प्यायला ऑस्मोने एवढा वेळ लावला की चुलीवर चढवलेल्या बटाट्यांचं पाणी उतू गेलं. मग त्याने मला उचललं. खाली माझ्याच बुडाची तपकिरी वर्तुळं, एकावर एक, पार कागद झिजेपर्यंत.

"हे," लेम्पी म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या पेल्याने."

हे मला लागलं. माझं तोंड कायम उघडं असलं तरी मी आजवर चकार शब्द काढलेला नाही.

"मी आत आले की तू हा इथेच आपटतोस," ती म्हणाली. "एवढं टेबल मोकळं असतं, पण नाही."

"कधीपासून माहितीये?"

"आपली आइनो बालवाडीत होती, तेव्हापासून."

आइनोला आता दोन मुली आहेत.

"आणि साइमीला?"

"साइमीला मी माझं वजनसुद्धा खरं सांगत नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"येतेस का, असं तू कधी विचारलंस?"

ऑस्मो मला हातात फिरवत राहिला. मी रिकामाच होतो, पण मला एकदम जड वाटलं.

आम्ही पिक्कु-मुस्ताला गेलो. लेम्पी संध्याकाळभर बोलत होती, आइनोबद्दल, छपराबद्दल, ऑस्मोच्या घोरण्याबद्दल. सकाळी तिच्या गळाला हातभर लांब मासा लागला. ऑस्मोला दोन लागले, दोन्ही बोटाएवढे. तिने मला पहिल्यांदाच ओठाला लावलं. ती साखर घालते. चाळीस वर्षांत मी साखर पाहिली नव्हती, पण या वयात कुठे तक्रार करायची? निघताना तिने भोकांवर असा बर्फ लोटला की ऑस्मो बघतच राहिला.

"बरं केलंस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकून लेम्पी लाजली.

घरी पोचतो तो याल्मारी टेबलाशी येऊन बसलेला. "बाप रे, केवढा मासा! कुठलं तळं?"

ऑस्मोने तोंड उघडलं. खुशीत माणसाला खोटं सुचत नाही. त्याचे कान लाल झाले.

"हाउकीलाम्पी," नकाशावरच्या एका लाल फुलीवर बोट ठेवून लेम्पी शांतपणे म्हणाली. "पूर्वेच्या काठाला जा, याल्मारी. लवकर जा हं, गर्दी होते." आणि बोलता बोलता तिने मला खाली ठेवलं. बरोब्बर पिक्कु-मुस्तावर, केसभरही इकडेतिकडे नाही.

आता मी म्हातारा झालोय. काठाला चीर गेली आहे आणि अंगाला साखरेचा वास येतो. पण झाकणाचं काम चालू आहे. हल्ली मला ठेवणारे हात चार झालेत, एवढाच फरक.

बोलण्याच्या भरात तळ्याचं नाव तुम्हाला सांगून बसलो. एवढी कृपा करा, साइमीला कळू देऊ नका.