मोळी उतरवून घेणारा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, पण कामातून गेलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण मला म्हातारा समजून कठड्यात कोंडायचा घाट नुकताच घातला गेला होता.

बडोद्याहून करजणकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळले की एक लहान गाव लागते. त्याच्या वेशीवर मी उभा आहे. दोन उभे दगड, त्यांच्यावर एक रुंद आडवी फरशी, आणि उभ्या दगडांच्या मध्ये बसवलेली पाटी. तिच्यावर एकाखाली एक चार नावे आहेत: मल्हारराव, पिलाजीराव, सुभानराव, जेसंग. पहिल्या महायुद्धात हे चौघे या गावातून समुद्रापलीकडे लढायला गेले आणि परत आले नाहीत. मी त्यांचे स्मारक आहे.

खरे तर गावाला उंच खांब हवा होता, वर कळस असलेला. मी पावागडच्या बाजूच्या खाणीतून बैलगाडीने आलो आणि पाथरवटाने छिन्नीला धारही लावली. तेवढ्यात मल्हाररावांची आई, जिजाबाई, डोक्यावर लाकडांची मोळी घेऊनच पंचांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"खांब कशाला?" त्या म्हणाल्या. "मी रानातून यायची तेव्हा माझा मल्हारी इथं वेशीवर उभा असायचा. मोळी उतरवून घ्यायचा. आता मी रोज इथं येऊन थांबते, कोण हात लावील याची वाट बघत. माझ्या लेकाची आठवण ठेवायची असेल, तर त्याचं काम करील असं काहीतरी करा."

पंचांनी खांबाचा बेत सोडून दिला. डोक्यावरचे जड ओझे एकट्या माणसाला उतरवता येत नाही, आणि जमिनीवर टाकले तर एकट्याने परत चढवता येत नाही. म्हणून तर वाटेत कोणीही "जरा हात लावा हो" म्हटले की हातातले काम टाकून जायचे, ही गावाची रीत होती. पाथरवटाने जिजाबाईंना मोळीसकट तसेच उभे केले आणि त्यांच्या कानाच्या पाळीशी कोळशाने खूण केली. तीच माझी उंची ठरली. डोके जरा कलवले की ओझे सरकून थेट माझ्यावर येते, आणि निघताना तसेच परत डोक्यावर घेता येते.

त्या पाथरवटाने आणखी एक गोष्ट केली. ओझे उतरले की माणूस मान खाली घालून दम खातो. त्या वेळी नजर जिथे पडते, नेमकी तिथे त्याने नावे कोरली. त्यामुळे माझ्यापुढे मान लवव असे कोणाला सांगावे लागत नाही.

जिजाबाईंना वाचता येत नव्हते. पहिले नाव आपल्या मुलाचे, एवढे त्यांना ठाऊक होते. मोळी माझ्यावर टेकवली की त्या त्यावरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "उतरवलीस रे बाबा." हे शब्द ऐकले की मला माझ्या जन्माचे सार्थक वाटे. त्या गेल्या, पण काम चालूच राहिले. मी कापसाच्या टोपल्या पेलल्या, दुधाच्या बरण्या पेलल्या, माहेरी आलेल्या लेकींच्या पेट्या पेलल्या आणि शाळेतल्या पोरांची दप्तरेही पेलली.

मग माझे वाईट दिवस आले. ओझी टेंपोने जाऊ लागली. माझ्या अंगावर वेफर्सच्या जाहिराती चिकटल्या. दर निवडणुकीआधी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडे, आणि रस्ता वर येत गेला तसा मी आपल्या जागीच बुटका होत गेलो. जेसंगचे नाव अर्धे मातीत गेले. तरी गावातल्या रमिलाबेन रोज म्हशींसाठी गवताचा भारा घेऊन येत. आता त्यांना गुडघ्यांत वाकावे लागे, पण त्या माझ्याशिवाय दुसरीकडे थांबत नसत.

गेल्या साली मल्हाररावांचे पणतू उदयसिंहराव आले. ते बडोद्यात दांडिया बाजारात राहतात, नोकरीतून निवृत्त झालेत, आणि दर वर्षी मला हार घालायला येतात. माणूस प्रेमळ आहे, फक्त तापट. या वेळी बरोबर शहरातच, गोत्रीला राहणारी त्यांची मुलगी संयोगिता होती. नेमका तेव्हा माझ्यावर रमिलाबेनचा भारा होता.

"हुतात्म्यांच्या डोक्यावर चारा?" उदयसिंहराव कडाडले. "काही लाज?"

तिथेच त्यांनी ठरवले: माझ्यासाठी उंच ओटा बांधायचा, भोवती स्टीलचा कठडा, त्याला कुलूप. पंचायतीने लगेच मान डोलावली. आयते सुशोभन कोणाला नको असते?

"तो पछी हूं भारो क्यां मूकुं, काका?" रमिलाबेननी विचारले.

"कुठंही ठेवा, बेन. इथं नाही."

"बाबा, त्या कुठं ठेवणार?" संयोगिता म्हणाली. उदयसिंहराव तोवर पावलांनी कठड्याचे माप घेऊ लागले होते.

मित्रांनो, मला फार राग आला. कुलपात बसून हार घालून घेण्यापेक्षा पुन्हा खाणीत गेलेलो बरा, असे वाटले. जिजाबाईंना काय सांगू? पण दगडाच्या हाती एकच गोष्ट असते, जागा न सोडणे. ती मी सोडणार नव्हतो.

ओट्याचा पाया खणायच्या दिवशी उदयसिंहराव आणि संयोगिता ग्रॅनाइटची नवी पाटी घेऊन आले. वर पणजोबांचे नाव आणि खाली, जरा बारीक अक्षरांत, स्वतःचेही. कालव्यावरच्या पुलाची डागडुजी चालू होती, म्हणून टेंपो पलीकडेच थांबला. मजूर पुढे आला, तर हे म्हणाले, "पणजोबांचं नाव मी दुसऱ्याला वाहू देणार नाही." टॉवेलची चुंबळ केली आणि पाटी स्वतःच्या डोक्यावर चढवून घेतली.

पुलापर्यंत ऐट होती. वेशीपाशी येईतो मान थरथरू लागली, चेहरा लाल झाला. पाटी उतरवता येईना आणि टाकवेना.

"काका, अहीं टेकवो!" रमिलाबेन ओरडल्या.

"बाबा, दगडावर टेकवा!" संयोगिता धावली.

ते क्षणभर अडले. मग गुडघ्यांत वाकून, पडता पडता, त्यांनी पाटी माझ्यावर सरकवली. मी ती घट्ट पेलली. त्यांनी माझा काठ धरला आणि मान खाली घालून दम खाल्ला. समोरच मल्हाररावांचे नाव होते. इतकी वर्षे त्यांनी ते हाराच्या फुलांआडूनच पाहिले होते. आज अगदी जवळून पाहिले, आणि त्यांचे डोळे भरले.

"संयू," ते हळूच म्हणाले, "यांनी माझं ओझं उतरवून घेतलं गं."

ती जवळ आली. तिने खाली बसून ओढणीने जेसंगच्या नावावरची माती पुसली, आणि अर्धे नाव जमिनीत पुरलेले त्यांना दाखवले.

उदयसिंहराव सरळ झाले ते थेट गवंड्याकडेच गेले. ओटा रद्द, कठडा रद्द. मला उपटून, खाली नवा पाया घालून, होतो तेवढा पुन्हा उंच करायचे. "पण किती उंच, साहेब?" गवंड्याने विचारले.

"बेन," उदयसिंहराव म्हणाले, "भारा घेऊन जरा इथं सरळ उभ्या राहता?"

रमिलाबेन भाऱ्याकडे गेल्या. खणायच्या कामामुळे आज त्यांनी तो बाजूला जमिनीवर टाकला होता. उदयसिंहरावांनी पुढे होऊन भाऱ्याला हात लावला आणि तो त्यांच्या डोक्यावर चढवला. गवंड्याने त्यांच्या कानाच्या पाळीशी खडूने खूण केली.

आज मी त्या खुणेइतका उंच आहे. जेसंगचे नाव पुरते वर आले आहे. नवी पाटी उदयसिंहरावांनी घरी ठेवली आहे, आणि ते अजूनही हार आणतात. हाराला माझी ना नाही. फक्त मला धुळीत गाडू नका, मित्रांनो, आणि कुलपात तर मुळीच नको. इकडे आलात तर पाठीवरची बॅग माझ्यावर टेकवा आणि दम खाताना ती चार नावे मोठ्याने वाचा. आणि वाटेत कोणी ओझे घेऊन एकटे थांबलेले दिसले, तर मी तिथे नसेन. हात तुम्हालाच लावावा लागेल.