उरलेलं औषध

अफिफाने उंदराच्या मेंदूचा शेवटचा काप द्रावणात सोडला आणि घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात जिवंत भाग लाल होई. मेलेला पांढराच राही.

देवपूरच्या फार्मसी कॉलेजात चार वर्षं ती या एकाच औषधावर काम करत होती. मिठाचं पाणी पाजून उंदरांचा रक्तदाब वाढवायचा, मग मेंदूची एक रक्तवाहिनी बंद करून लकव्याचा झटका आणायचा. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही. औषधाने दाब उतरला होता. मेंदू वाचतो का, ते आज कळणार होतं.

पिंजरे सांभाळणारे पितांबरभाऊ काम टाकून शेजारी येऊन उभे राहिले. होळीच्या सुमारास सोनगीरला त्यांच्या बायकोला, कुंदाबाईंना, लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

काप लाल झाले. अफिफाने दोन्ही ताटल्यांतला पांढरा भाग मोजला. पुन्हा मोजला.

"औषध कोन्त्या ताटलीमा शे, ताई?"

"डावीकडच्या."

ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"दोन्ही सारखंच दिसस."

"सारखंच आहे, भाऊ."

"ते पांढरं परत लाल व्हत नही?"

"नाही."

पितांबरभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"मी कुंदाले देत व्हतू हाई. बाटलीमा उरे ते. दोन महिना व्हयनात."

अफिफा उठली. दार लोटून परत आली.

"एकाही माणसाला दिलेलं नाही हे अजून."

"माहीत शे."

"डॉक्टरांच्या गोळ्या?"

"त्या चालूच शेतस."

"हे आजपासून बंद. उद्या त्यांना घेऊन या, रक्त तपासून घेऊ."

त्यांनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत.

"बंद कसं करू, ताई? ती बोलत नही, हात हालत नही. पन बाटली दिसनी का सोता तोंड उघाडस."

अफिफाने चिमटा खाली ठेवला.

"त्याच बाटलीत पाणी द्या."

"ते कडू ऱ्हास. तिले समजी जाई."

बराच वेळ ती हातमोजे काढत राहिली.

"मेथी भिजवा. त्याचं पाणी द्या."

"कितली?"

चार वर्षं एकेक मिलिग्रॅम तोलणाऱ्या अफिफाने मान वर केली नाही.

"अंदाजाने," ती म्हणाली.