एकोणिसाव्या आठवड्यानंतर

“मामा, शेवट असलेली चित्रकथा आहे का तुमच्याकडे?”

विचारून झालं आणि मग वसुमतीच्या लक्षात आलं की आपण जरा जास्तच मोठ्यानं विचारलं. बाकावर पेपर वाचणाऱ्या चारही माणसांनी पेपर खाली केले. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणी राजम आणि अंबुजा एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत हसू दाबत होत्या. दोघींनीच तर पैज लावली होती. “तू? तू वर जाऊन विचारणार? तोंडातून आवाज तरी फुटेल का गे?” असं राजम म्हणाली होती, आणि वसुमतीला कुणी असं म्हटलं की संपलंच.

सायकलच्या दुकानावरच्या त्या वाचनालयात मुली जात नसत. जाऊ नये अशी पाटी कुठे नव्हती, पण जात नसत. तंजावुरात पाटी नसलेले नियम पाटीवाल्यांपेक्षा जास्त पाळले जातात. पुस्तकं बाप आणायचे, काका आणायचे, आणि ते आणतील ते वाचायचं.

वाचनालयाचे मालक गुरुराज. वय झालेलं, कपाळावर गोपीचंदन, हाताला कायम खळीचा वास. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. वसुमतीनं विचारलं होतं तमिळमध्ये, पण ते उत्तरले घरच्या मराठीत. “कुणाची गे तू? कचेरीतल्या सेतुमाधवरावांची ना?”

झालं! आता पळायचं तर हीच वेळ होती. पण मागे राजम होती.

“हो, त्यांचीच,” वसुमती म्हणाली. “आणि त्यांना सांगायचं असेल तर खुशाल सांगा. पण आधी पुस्तक दाखवा.”

बाकावरचा एकजण खो-खो हसला. गुरुराज हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाले, “आत ये.”

हे शेवटाचं खूळ तिच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. घरी दर शुक्रवारी एक तमिळ साप्ताहिक येत असे. मधल्या चार पानांवर चित्रकथा, आणि शेवटच्या चौकटीखाली कायम एकच शब्द: तोडरुम. म्हणजे पुढे चालू. शुक्रवार ते शुक्रवार वसुमती त्या शब्दावर लटकलेली असायची. पण परीक्षा जवळ आली की अप्पा पेपरवाल्याला सांगून साप्ताहिक बंद करायचे. परीक्षा झाल्यावर सुरू व्हायचं तेव्हा ती कथा संपून दुसरीच काहीतरी चालू झालेली असायची, तिचीही सुरुवात हुकलेली. नववीत तर सहामाहीच्या गणितात असे काही मार्क पडले की साप्ताहिक बंद झालं ते झालंच. आणि तेही कधी? तर तूतुकुडीच्या समुद्रात मोती काढणारी मरगदम तळाशी गेलेली, वर होडीतला दगाबाज मुकादम तिच्या कमरेचा दोर कापतोय, सुरीची धार दोराला लागलेली, आणि खाली तोडरुम! तो एकोणिसावा आठवडा. वसुमती आता दहावीत आली. वर्ष होत आलं, मरगदम अजून पाण्याखालीच होती. राजमच्या घरी दुसरं साप्ताहिक येई, आणि अंबुजाला सिनेमाच्या पानांपलीकडे काही दिसत नसे. विचारायचं कुणाला?

आतल्या खोलीत गुरुराजांचा कारखाना होता. दर आठवड्याच्या अंकातून चित्रकथेची पानं सोडवून ते एका लाकडी पेटीत ठेवत. कथा संपली की सगळे आठवडे एकावर एक रचून, दोऱ्यानं शिवून, पाठीला कापडी पट्टी चिकटवून त्यांचं पुस्तक करत. एखादा आठवडा गहाळ असेल तर त्या कथेला ते शिवतच नसत. तसले गठ्ठे सुतळी बांधून कोपऱ्यात पडलेले.

“पुरी झालेल्या आहेत तीन,” ते म्हणाले आणि तिन्ही पुढे ठेवल्या. “ही पौराणिक. सुंदर रंग आहेत. घरी कुणी काही म्हणणार नाही. ही गुप्त पोलिसांची, फार लांबलचक, मधे दहा आठवडे नुसतेच पळतात. आणि ही...”

तिसरीच्या पहिल्याच पानावर कमरेला दोर बांधून होडीच्या काठावर उभी होती मरगदम. कोरडी ठणठणीत!

वसुमतीच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण जिन्यातून अंबुजानं विचारलं, “काय गे, काय झालं?”

“पौराणिक ने पोरी,” गुरुराज म्हणाले. “तुझ्या वडिलांना मी ओळखतो.”

मोह झाला, खोटं कशाला बोला! पौराणिक नेली तर अप्पा स्वतः शेजारी बसून ऐकतील. अम्मा सुंडलची, फोडणी दिलेल्या हरभऱ्यांची, वाटी हातात आणून देईल. सगळं सोपं. पण त्या कथेत पुढे काय होतं हे वसुमतीला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

“ही,” ती म्हणाली. “पण शेवट आहे ना नक्की? दाखवा.”

गुरुराजांनी पुस्तक उलटं केलं, शेवटचं पान काढलं, आणि सगळ्या चित्रांवर आपला पसरट पंजा ठेवला. बोटांच्या खाली एकच शब्द दिसत होता: मुट्रुम. समाप्त. छापलेला तो शब्द वसुमतीनं इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला.

“हात काढू?” त्यांनी विचारलं.

“अजिबात नको!”

आता ते हसले. अंबुजाच्या घरच्या कार्डावर पुस्तक लिहून घेतलं गेलं. दसऱ्याची सुटी संपेपर्यंत ठेव म्हणाले.

पेपरवाल्यांच्या नजरा पाठीवर घेऊन तिघी खाली उतरल्या, आणि रस्त्यावर येताच राजमनं पुस्तकावर झडप घातली. “उघड, उघड! विसावा आठवडा उघड. वाचली की मेली ते तरी कळू दे!”

वसुमतीनं पुस्तक छातीशी धरलं. “नाही. पहिल्यापासून.”

“पण तुला एकोणीसपर्यंत पाठ आहे!”

“असू दे. प्रत्येक वेळी मला मधेच उतरवलंय गे. आता मी मधे चढणार पण नाही. पहिलं पान ते मुट्रुम.”

“वेडीच आहे,” राजम अंबुजाला म्हणाली. अंबुजा मात्र व्यवहारी. तिनं घरी नेऊन पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, त्यावर लेबल चिकटवलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं: गणित, दहावी. वसुमतीला ते फारसं आवडलं नाही. एवढा जिना चढून, चार पुरुषांसमोर विचारून आणलेलं पुस्तक, आणि त्याला गणिताचा बुरखा? पण घराचा दरवाजा दिसला तसा तिचा जोर जरा ओसरला. राहू दे म्हणाली.

तो अष्टमीचा दिवस. घरात नवरात्राचा कोलू मांडलेला, पायऱ्यांवर बाहुल्या, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायकांची ही रीघ. वसुमती पानसुपारी द्यायची, दोन पानं वाचायची, सुंडल वाढायची, दोन पानं वाचायची. चंद्रमती, तिची अम्मा, एकदा म्हणालीसुद्धा, “आज गणिताची बरीच ओढ लागलीय.” आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात विहिरीच्या कट्ट्यावर बसून वसुमती एकोणिसाव्या आठवड्याला पोचली. होडी. सुरी. दोर. तोडरुम. तिनं एक दीर्घ श्वास घेतला, जणू तिलाच बुडी मारायची होती, पान उलटायला बोट लावलं...

“वसू! पुस्तकं!”

सरस्वतीपूजा! ती विसरलीच होती. या दिवशी घरातली झाडून सगळी पुस्तकं देवीपुढे जायची, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उचलेपर्यंत कुणी एक अक्षर वाचायचं नाही की लिहायचं नाही. एरवी सगळ्या मुलांचा हा वर्षातला सगळ्यात लाडका नियम.

अप्पा स्वतः अंगणात आले आणि त्यांनी तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. लेबल वाचलं. चेहरा एकदम मऊ झाला. “सुटीतसुद्धा गणित? शाब्बास. चल, हे सगळ्यांत वर ठेवू. देवीची कृपा हवी ती याच विषयावर.”

कोलूशेजारी पाटावर ढीग रचला गेला: अप्पांचे कायद्याचे जाडे ग्रंथ, अम्माची रांगोळीची वही, रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा. शेजारी अप्पांचं फाउंटन पेन, अम्माचं शिवणयंत्र. आणि सगळ्यांच्या डोक्यावर मरगदम. अप्पांनी प्रत्येकावर गंधाचं बोट ओढलं, कुंकू लावलं. वरच्या पुस्तकावर तर गंधाचा असा ओला थर दिला, फूल वाहिलं, डोळे मिटून क्षणभर थांबले. वसुमतीला हसू येईना, रडू येईना.

तो दिवस सरता सरेना. संध्याकाळी राजम आणि अंबुजा कोलू बघायला आल्या, ढिगाकडे पाहिलं, आणि सुंडल तोंडात असताना ठसका लागेपर्यंत हसल्या. “तुझी मरगदम देवी झाली गे,” राजम कानात म्हणाली. “उद्या काय करशील? तुमच्याकडे वाचून दाखवायचं असतं ना?”

तेच तर होतं. सेतुमाधवरावांच्या घरी विजयादशमीला प्रत्येकानं पूजेतलं एक पुस्तक उचलायचं, पहिलं पान मोठ्यानं वाचायचं, आणि ते वर्षात पुरं करीन असं देवीला सांगायचं. ‘या दिवशी हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही’ हे अप्पाच दरवर्षी सांगत. आणि दरवर्षी वसुमती इतिहासाचं सगळ्यात बारीक पुस्तक उचलत असे.

“बघ, सोपं आहे,” अंबुजा म्हणाली. “उद्या इतिहास उचल, ते खाली सरकव, दुपारी मी घेऊन जाते.”

सोपंच होतं. पौराणिक नेणंही सोपंच होतं.

विजयादशमीला सकाळी आरती झाली, अप्पांनी पूजा उचलली. आधी त्यांनी आपला ग्रंथ वाचला. मग अम्मानं स्तोत्राचं एक पान. मग अप्पा वळले. “वसू, ये. गणितच घे यंदा.” आणि त्यांनी ढिगावरचं पुस्तक स्वतः उचललं.

ओल्या गंधानं रात्रभरात लेबल सुटलं होतं. ते अप्पांच्या अंगठ्याला चिकटून आलं. खालचं खाकी कव्हर भिजून फुगलं होतं, तेही टरकलं, आणि आतून होडीच्या काठावर उभी असलेली मरगदम सेतुमाधवरावांकडे पाहू लागली. तिच्या कपाळावर, नेमक्या जागी, कव्हरातून झिरपलेलं कुंकू.

“हे काय आहे?”

कोलूच्या पायरीवरचा मान हलवणारा म्हाताऱ्याचा बाहुला तेवढा डुलत होता.

“चित्रकथा? देवीपुढे? माझ्या हातानं...” अप्पांनी अंगठ्यावरचं लेबल पाहिलं. “आणि वर गणित लिहिलंय!”

“ते लेबल खोटं होतं, अप्पा,” वसुमती म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला थरथरला, दुसऱ्याला नाही. “त्याची मला लाज वाटते. पुस्तकाची वाटत नाही. मी वाचनालयात जाऊन आणलं. स्वतः. जिना चढून.”

“तू? त्या पेपरवाल्यांत?”

“हो. कुणी खाल्लं नाही मला.”

“आज संध्याकाळी मी परत नेऊन देतो. आता गणित घे, खरं गणित.” अप्पांनी पुस्तक बाजूला ठेवायला हात लांब केला, पण ठेवायचं कुठे हे त्यांना कळेना. त्यांनीच गंध लावलेलं, त्यांनीच फूल वाहिलेलं. जमिनीवर ठेवता येईना, ढिगात परत ठेवता येईना. हात तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात अम्मा बोलली. हलकेच, पदराशी चाळा करत. “ती... वर येते का गे? दोर कापल्यावर?”

अप्पा चमकून तिच्याकडे वळले. वसुमतीही. चंद्रमती ओशाळली, पण नजर तिनं खाली घातली नाही. “शुक्रवारी अंक आधी माझ्याच हातात यायचा,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही बंद केलात. मला कुठे कुणी विचारलं?”

वसुमतीला एकाएकी इतकं हसावंसं वाटलं, इतकं, की तिनं ओठ चावला. मग ती पुढे झाली आणि हवेतल्या त्या हातातून तिनं पुस्तक घेतलं. उरलंसुरलं खाकी कव्हर ओढून काढलं, त्याचा बोळा केला, आणि कोलूसमोर मांडी घालून बसली.

“अम्मा, मलाही माहीत नाही. शेवट मी पाहिला नाही, आणि आधी सांगणारही नाही. अप्पा, गणित मी रोज सकाळी करीन, तुमच्यासमोर बसून. मार्क आले नाहीत तर रागवा. पण आजच्या दिवशी हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी हे घेतलंय. आता इथे बसून पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचणार आहे, बावन्नच्या बावन्न आठवडे, मुट्रुमपर्यंत. ज्यांना ऐकायचंय त्यांनी बसा. आणि हे संपलं की पुढचं आणायला मीच जाणार आहे. कव्हर न घालता.”